मंत्रीमहोदय, ते राखाडी बटण सुरू करा

मा. मंत्रीमहोदय,
सविनय नमस्कार.

सरकारी सेवा ऑनलाइन आणण्याच्या कामाचे नेतृत्व आपण हाती घेतले आहे, म्हणून हे पत्र. मी २७ वर्षे एका सरकारी कार्यालयात अर्जांच्या खिडकीवर बसले. पहिली १८ कागदावर, नंतरची ९ संगणकावर. कागदाचा काळ बरा होता असे माझे मुळीच म्हणणे नाही. तेव्हा फायली गहाळ व्हायच्या, साहेब रजेवर गेले की सही अडायची, आणि ओळखीच्या माणसाचा अर्ज आपोआप वर यायचा. संगणक आल्यावर प्रत्येक अर्जाला क्रमांक मिळाला, तो कोणत्या टेबलावर अडलाय हे अर्जदाराला घरबसल्या कळू लागले. हे मोठे काम झाले. पण त्याच वेळी एक गोष्ट आमच्या हातून काढून घेतली गेली : चूक दुरुस्त करण्याचा अधिकार.

एक बाई अजून डोळ्यांसमोर आहेत. पतीच्या पश्चात मिळणारे त्यांचे निवृत्तिवेतन तीन महिने थांबले होते. दोन नोंदींमध्ये पतीच्या नावात एका अक्षराचा फरक होता. जुन्या वह्या संगणकात भरताना कुणाचे तरी बोट चुकले असणार. पूर्वी मी मूळ दाखला पाहिला असता, चुकीचे अक्षर लाल शाईने खोडले असते, बाजूला सही-तारीख करून कागद साहेबांपुढे ठेवला असता. दोन दिवसांचे काम. आता माझ्या स्क्रीनवर ‘दुरुस्ती’ असे बटण होते, पण राखाडी. कितीही दाबले तरी काही होत नव्हते. तक्रार वर पाठवणे एवढेच माझ्या हातात होते, ती पाठवली. आठव्या दिवशी त्यांच्या मोबाइलवर संदेश आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ बाई हसतमुखाने आल्या. मी नोंद उघडली, तर नाव होते तसेच. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, “मॅडम, चूक आहे हे तुम्हाला दिसतंय ना? मग करा की!”

मला दिसत होते. करता येत नव्हते. आणि त्या महिन्याच्या अहवालात आमच्या कार्यालयाचे तक्रारनिवारण शंभर टक्के होते.

हे एका खिडकीपुरते असते तर आपला वेळ घेतला नसता. ब्रिटनमध्ये १९९९ पासून पोस्ट ऑफिसमध्ये ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली बसवली गेली. टपाल कचेरी चालवणाऱ्यांच्या हिशेबात ती तूट दाखवू लागली. माणसे जीव तोडून सांगत होती की पैसे आम्ही घेतलेले नाहीत. इंग्लंडच्या कायद्याने मात्र संगणक बरोबर आहे असेच धरले जाई. तो चुकतो हे दाखवण्याचा भार आरोपीवर. बिचारा आरोपी प्रणालीच्या आत डोकावणार कसा? कित्येकांनी पदरचे पैसे घालून, कर्ज काढून ती नसलेली तूट भरली. ९०० हून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटा हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. प्रणालीत दोष होते असा निकाल उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि शेकडो जणांची शिक्षा रद्द करण्यासाठी संसदेला २०२४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. पंचवीस वर्षे! त्यातले किती जण निर्दोष ठरण्याआधीच वारले, याचा विचार केला की मला अजून गलबलून येते.

ऑस्ट्रेलियात सरकारी भत्ता पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो, पण २०१६ पासून तो घेणाऱ्यांचे वर्षाचे उत्पन्न २६ पंधरवड्यांत सारखे वाटून ‘तुम्ही भत्ता जास्त घेतलात, परत करा’ अशा नोटिसा निघाल्या. वर्षात चारच महिने काम मिळालेल्या माणसाला हे गणित कसे लागू पडेल? पूर्वी अशी तफावत आली की कर्मचारी ती तपासायचा. तो टप्पाच वगळला आणि जुन्या पगाराच्या पावत्या शोधून आणण्याचे काम नागरिकावर ढकलले. २०२० मध्ये सरकारला सुमारे ४,७०,००० मागण्या मागे घेऊन ७२.१ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर परत करण्याचे जाहीर करावे लागले. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या अनुदानावरून हजारो पालकांना असेच फसवे ठरवले गेले. जानेवारी २०२१ मध्ये त्यापायी मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

या सगळ्या ठिकाणी चूक दिसणारा माणूस कुठेतरी होता, पण त्याच्या हातात काही ठेवलेले नव्हते.

मला कुणी म्हणेल की खिडकीवर अधिकार दिला तर गैरव्यवहार वाढेल. ही भीती खोटी नाही, मी तो जवळून पाहिला आहे. पण लाल शाईची खाडाखोड लपवता यायची. संगणकात कुणी, कधी, कोणता दाखला पाहून काय बदलले हे सगळे उमटते. एकाने दुरुस्ती करायची, दुसऱ्याने मंजूर करायची आणि दोघांची नावे अर्जदाराला दिसू द्यायची. एस्टोनियात आपली माहिती कोणत्या कार्यालयाने पाहिली हे नागरिकाला स्वतः पाहता येते. त्याच देशात २०१७ मध्ये सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये सुरक्षेचा दोष आढळला, तेव्हा सरकारने तो स्वतःहून जाहीर केला आणि त्या ओळखपत्रांतली डिजिटल प्रमाणपत्रे बदलून घेतली. लोकसंख्या १३ लाख, म्हणजे निम्म्याहून अधिक देशाला ‘आमच्या यंत्रात खोट आहे’ असे सांगणे. याला मी नेतृत्व म्हणते.

तेव्हा माझे मागणे असे. तक्रार ‘निकाली’ निघाली की नाही हे अर्जदाराने ठरवावे, आठ दिवस उलटले म्हणून यंत्राने नव्हे. नोंदी जुळत नाहीत एवढ्यावरून कुणाचा चालू लाभ थांबू नये. आधी चौकशी, मग थांबवणे. आणि आपल्या बैठकीत किती सेवा ऑनलाइन झाल्या हा आकडा येतो, तसा किती अर्ज कोणत्या पानावर अर्धवट सुटले हाही यावा. तो आकडा सर्व्हरवर आजही असतो, कुणी मागत नाही इतकेच.

ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवांसाठी २०१४ मध्ये जी मानके लागू झाली, त्यांत एक अट मला फार आवडली होती : सेवा संबंधित मंत्र्यासोबत पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत तपासून पाहायची. आपणही पाहा. मात्र उद्घाटनाच्या दिवशी, सगळे जुळणाऱ्या नमुना अर्जावर नको. नावात एक अक्षर चुकलेली नोंद घ्या, साधा मोबाइल घ्या, शेजारी कुणी अधिकारी नको, आणि ती चूक दुरुस्त करून दाखवा. सोमवारी या, त्या दिवशी रांग सगळ्यात मोठी असते.

आपली विश्वासू,
खिडकीवरची एक निवृत्त कर्मचारी