हरिभाऊंचा एकही अनुस्वार गळू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

येत्या 8 मार्चला महिलादिनाच्या पुरवण्या निघतील. विधवेची कहाणी तिच्याच तोंडून सांगणारे हरि नारायण आपटे जन्मले तेही 8 मार्चलाच, 1864 साली, खानदेशातल्या पारोळ्याला. त्या निमित्ताने मुंबईतली ग्रंथालये आणि हरिभाऊंच्या कादंबऱ्या पुन्हा छापणारे प्रकाशक यांना कळकळीची विनंती आहे: मूळ मजकूर जसाच्या तसा जपा.

हरिभाऊंनी कादंबरी लिहिली ती हप्त्याहप्त्याने. 1885 मध्ये ‘मधली स्थिति’ ‘पुणे वैभव’ या नियतकालिकातून आली. 1890 मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो!’ त्यात 1893 पर्यंत चालली. पुण्यातल्या आनंदाश्रम या संस्थेची व्यवस्था सांभाळून, दर आठवड्याचा अंक भरून काढत हे लेखन झाले; काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. एखादे प्रकरण लांबले का, मागचे पुन्हा का सांगितले, हे हप्ता कुठे तुटला ते कळल्याशिवाय उमगत नाही. जुन्या साप्ताहिकांचे खंड बांधताना नेमके तेच हरवते. तारखेची मुखपृष्ठे काढून टाकतात, कडा छाटतात, शिवण ओळींपर्यंत येते.

दुसरे नुकसान शुद्धलेखनाचे. 1962 च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि हरिभाऊंच्या नव्या आवृत्त्यांतूनही ते पुसले गेले. जुन्या लेखनात ‘ती’ म्हणजे एक बाई आणि ‘तीं’ म्हणजे अनेक मुले. ‘मी’ कर्ता, तर ‘मीं’ म्हणजे ‘माझ्याकडून’. ‘नाव’ होडी, तर ‘नांव’ म्हणजे ज्याने हाक मारतात ते. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ची नायिका यमू हिचे सगळे निवेदन प्रथमपुरुषी आहे, तिथे ‘मीं’वरचा ठिपका हे तिच्या काळचे व्याकरण आहे. नियमात बसवायचेच असेल तर शालेय आवृत्ती वेगळी काढावी आणि बदल केल्याचे पहिल्याच पानावर सांगावे.

स्कॅनिंगमध्ये हाच ठिपका सर्वांत आधी जातो. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात प्रतिमा घेतली की फिकट अनुस्वार पांढऱ्यात विरतो आणि कसरीचा किंवा माशीचा डाग अनुस्वार होऊन बसतो. म्हणून किमान 400 डीपीआय (इंचाला 400 ठिपके), आणि ग्रेस्केल म्हणजे करड्या छटांत किंवा रंगीत. मग यंत्राने वाचलेला मजकूर दोघांनी स्वतंत्रपणे मूळ पानाशी ताडून पाहावा. एकाच्या नजरेतून अनुस्वार हमखास सुटतात. खंड काचेवर उपडा दाबू नये. लगद्याचा आम्लधर्मी कागद कोपरा दुमडला तरी तुटतो आणि पाठ उकलते. व्ही आकाराच्या पाळण्यात 90 ते 100 अंशांइतकाच उघडून वरून छायाचित्र घ्यावे. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये, त्याचा गोंद पिवळा होऊन अक्षरांत मुरतो. जपानी टिश्यू हा पातळ कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरावी. लॅमिनेशनचा तर विचारही नको. मुंबईच्या पावसाळ्यात हे खंड बाहेर काढूच नयेत. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की बुरशीचा धोका वाढतो.

हक्कांची अडचण पुढे केली जाते, ती खरी नाही. हरिभाऊ 3 मार्च 1919 रोजी गेले. मृत्यूनंतर 60 वर्षांची आजची मुदत धरली तरी ती 1979 अखेर संपते. हक्क असतो तो नव्या प्रस्तावनेवर, टिपांवर आणि मुखपृष्ठाच्या चित्रावर. तेवढे वगळले की मूळ मजकूर कोणीही छापावा, सर्वांसाठी खुला ठेवावा. फक्त कोणती प्रत वापरली, तिची कोणती पाने गहाळ होती आणि ती कुठून भरली, हे शेवटच्या पानावर नोंदवावे. दुसऱ्या प्रतीतून भरलेली पाने न सांगता मिसळली की पुढच्या अभ्यासकाला दोन आवृत्त्यांचा गुंता सोडवता येत नाही.

मार्च ते मे हे तीन महिने हाती आहेत. सगळे खंड तेवढ्यात होणार नाहीत; ज्यांची पाने हात लावताच तुटतात, ते आधी घ्यावेत.

आपले,
जुन्या मराठी ग्रंथांचे काही अभ्यासक, गिरगाव, मुंबई