खडकांवर रंग नको, मूठभर पीठ पुरे

संपादक महोदय,

पाऊस ओसरला की शहरांतल्या धावक मंडळांना माळरानाची ओढ लागते. हल्ली शेजारच्या गावच्या मंडळाला बोलावून जोडीने रविवारची धाव काढायची पद्धत पडली आहे. चांगलीच आहे. पण मागे राहतात खडकांवरचे ऑइलपेंटचे बाण आणि बाभळींना बांधलेल्या प्लॅस्टिकच्या फिती. पुढच्या वर्षी त्याच डोंगरावर दुसरे मंडळ उलट दिशेचे बाण रंगवते. वाट दाखवायला याहून स्वस्त रीत आहे: पीठ.

१९३८ साली क्वालालंपूरमध्ये ए. एस. गिस्पर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी 'हॅश हाउस हॅरिअर्स' हा क्लब काढला. एकदोघांनी ससा होऊन पुढे जायचे, वाट आखायची; बाकीच्यांनी खुणा शोधत मागून यायचे. आधी कागदाचे कपटे टाकत, मग पीठ आले. या क्लबांचा जागतिक मेळावा २००२ साली गोव्यात भरला होता. (त्यांचे बिअरप्रेम जगजाहीर आहे. ते सोडून घेण्यासारखे पुष्कळ आहे.)

दर २५-३० पावलांवर एक मूठ धरली तर ८ किलोमीटरला साधारण १० किलो मैदा लागतो. दोन किलो जास्तीचा ठेवावा. मूठ दगडावर किंवा झाडाच्या बुंध्यावर मारावी. ऑक्टोबरात गवत कमरेएवढे असते, जमिनीवरची खूण त्यात बुडते. आदल्या संध्याकाळी आखलेली वाट सकाळपर्यंत टिकत नाही: दवाने पिठाचा चिकटा होतो, मुंग्या वाहून नेतात, उरलेले शेळ्या चाटून साफ करतात. म्हणून धावण्याआधी दोन तास, त्याच सकाळी आखावी. रांगोळी नको, ती दगडाची पूड असते. चुन्याची फक्कीही नको, ओल्या हातांना आणि डोळ्यांना झोंबते.

पांढरे उठून दिसत नाही म्हणून पिठात हळद-कुंकू मात्र कधीही कालवू नये. तिठ्यावर तशी मूठ दिसली की गावाला तो उतारा वाटतो, आणि सकाळ समजूत काढण्यात जाते. साध्या पिठाचीही सरपंच आणि पोलीस पाटलांना आधी कल्पना द्यावी. २००७ साली अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये अशाच वाटेच्या पिठाला घातक पूड समजून एक मोठे दुकान रिकामे करावे लागले होते.

खरी गंमत वर्तुळांत आहे. वाटेत चार-पाच ठिकाणी पिठाचे मोठे वर्तुळ काढायचे. तिथे खुणा थांबतात. पुढची वाट शे-दीडशे मीटरच्या आत कुठल्या तरी दिशेला सुरू होते, आणि एकदोन दिशांना चकवा असतो. चकव्याच्या टोकाला तीन आडव्या रेघा. वर्तुळानंतर सलग तीन मुठी सापडल्या की वाट खरी. दोन मंडळे एकत्र आली की एकात मॅरेथॉनवाले असतात, दुसऱ्यात नुकतेच पळू लागलेले. वेगवान गडी चकव्यात फिरून येतात, तोवर मागचे गाठतात. दोन्ही मंडळे एकमेकांशी बोलतात ती इथेच. नुसत्या बाणांच्या वाटेवर पहिला आणि शेवटचा यांच्यात तासाचे अंतर पडते आणि ओळख होते ती जेवणाच्या पंगतीतच.

हे बिघडते एकाच कारणाने. ज्याला खरी वाट सापडली त्याने वर्तुळातून त्या दिशेला पायाने बाण ओढायचा असतो. घाईत तो विसरतो, आणि मागचे पुन्हा चकव्यात शिरतात. म्हणून सर्वांत शेवटी चालणाऱ्या दोघांकडे पिठाची पिशवी, पाणी आणि वाटेचा नकाशा हवाच.

ससे दोन असावेत, प्रत्येक मंडळाचा एक. यजमानाला वाट पाठ असते, त्यामुळे त्याला कमी खुणा पुरेशा वाटतात. कुठे मूठ कमी पडली ते पाहुण्यालाच कळते.

रब्बीच्या पेरणीचे दिवस असतात. वाट बांधावरून न्यावी, पेरलेल्या रानातून नाही. झटका मशीनच्या तारा, मेंढरांच्या कळपामागची कुत्री आणि आग्या मोहोळ असलेली झाडे आखतानाच टाळावीत. मुरमाड उतारावर फुरसे असते. दगडावर हात टेकताना आधी बघावे. कुसळांसाठी गुडघ्यापर्यंतचे मोजे. वनखात्याच्या जमिनीवर परिक्षेत्र कार्यालयाची परवानगी घ्यावी, अभयारण्यात हा खेळ करूच नये. पिठले-भाकरी बचतगटाला सांगायची तर आकडा दोन दिवस आधी कळवावा.

आणि याद्या दोन नकोत. दोन बस, दोन याद्या असल्या की हरवलेला माणूस दुसऱ्यांच्या बसमधून गेला असेल असे दोघांनाही वाटते. एकच यादी, प्रत्येकाला एक क्रमांक, निघताना आणि परतल्यावर एकाच माणसाने केलेली मोजदाद. ती जुळेपर्यंत एकही बस हलवू नये.

– एका धावक मंडळाचे वाट आखणारे सभासद, पुणे