चौकटीबाहेर गेलेली वहाण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदाच्या आषाढी एकादशीला एका वाहिनीने 'प्रभात'चा १९३६ सालचा 'संत तुकाराम' दाखवला. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरात या चित्रपटाची पाचवी पिढी चालू आहे. आजोबांनी तो थिएटरात पाहिला, आम्ही दूरदर्शनवर, आणि मी स्वतः तो दहा-बारा वेळा तरी पाहिला असेन. या वेळी मात्र नेमके जे पाहायला बसलो होतो तेच दिसले नाही, म्हणून हे पत्र.

चित्रपटाच्या आरंभी तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस डोळे मिटून 'पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी' गातात आणि पाठोपाठ देवळात तुकोबांचा द्वेष करणारा सालोमालो तोच अभंग हातवारे करीत, नाटकी ताना घेत, स्वतःचा म्हणून गातो. लहानपणी आम्ही सालोमालोच्या नखऱ्याला हसत असू. शब्द तेच आहेत हे माझ्या ध्यानात आले ते चाळिशी उलटल्यावर, एकदा पडद्याकडे पाठ करून भाजी निवडत नुसते ऐकत असताना. सालोमालो चोर आहे हे कुणी तोंडाने सांगण्याआधीच ते आपल्या कानांवर घातलेले असते. दिग्दर्शकांपैकी दामले मुळात ध्वनिमुद्रणातले आणि फत्तेलाल कलादिग्दर्शनातले; त्यामुळे ही जागा सहज जमून आली असेल असे मला वाटत नाही. वाहिनीने श्रेयनामावली आणि तो पहिला अभंग दोन्ही कापून थेट सालोमालोपासून सुरुवात केली. मूळ ऐकलेच नाही तर नक्कल ओळखायची कशी? शेजारी बसलेल्या माझ्या नातीला सालोमालो हाच तुकाराम वाटला, आणि त्यात तिची काहीच चूक नव्हती.

श्रेयनामावली कापण्याने काय होते, त्याचे उदाहरण आमच्याच घरात आहे. 'आधी बीज एकले' ही शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी केलेली रचना आजोबा आयुष्यभर तुकोबांचा अभंग म्हणून पेटीवर म्हणत आले. मी गाथा चाळून थकलो. मग पुन्हा चित्रपट लावला, तेव्हा कुठे लक्षात आले की या गाण्याच्या शेवटी 'तुका म्हणे' येतच नाही. इतक्या वेळा ऐकूनही जे नाही ते कानाला खटकले नव्हते, ही आठवले यांच्या लेखणीची आणि केशवराव भोळे यांच्या चालीची करामत.

दुसरी तक्रार चित्राच्या आकाराची आहे. त्या काळातली चौकट साधारण चारास तीन या प्रमाणाची, तर आजचे टीव्ही सोळास नऊचे. पडदा भरून दिसावा म्हणून चित्र रुंदीइतके मोठे करून बसवले की वरून-खालून मिळून जवळजवळ पाव भाग कापला जातो. आजारी मुलाच्या काळजीने संतापलेली जिजाई विठोबाला बडवायला पायातली वहाण हातात घेऊन देवळाकडे निघते, तो प्रसंग आठवावा. या प्रतीत तिचा हात खाली गेला की वहाण चौकटीच्या बाहेर! मग नुसतीच तणतणत जाणारी बाई उरते, आणि जिजाई झालेल्या गौरीबाईंनी त्या हाताने केलेला अर्धा अभिनय वाया जातो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर प्रेक्षकांचे काही बिघडत नाही. ताटाच्या कडा मोकळ्या राहतात म्हणून कोणी ताट कापत नाही.

जुना चित्रपट पुन्हा पाहताना आपण गोष्टीसाठी बसत नाही, गोष्ट तर पाठच असते. कोपऱ्यातले भांडे, मागे उभ्या माणसाची नजर, गाण्यातली एखादी गाळलेली ओळ यांसाठीच बसतो. वाहिन्यांनी जाहिराती जरूर दाखवाव्यात, त्यावर त्यांचे पोट आहे, पण असा चित्रपट श्रेयनामावलीसह आणि मूळ आकारात दाखवावा. आपणही कार्यक्रमांच्या वेळापत्रकात चित्रपटाच्या नावापुढे 'संपूर्ण' की 'संक्षिप्त' एवढा एक शब्द छापावा, ही विनंती. इंदुरातल्या एखाद्या मराठी संस्थेने पुढच्या आषाढीला तो सभागृहात पूर्ण दाखवायचे मनावर घेतले, तर खुर्च्या मांडायला मी तासभर आधी येईन.

आपला,
एक जुना वाचक,
रामबाग, इंदूर