मागच्या ड्रम ब्रेकच्या सदोष व्हील सिलेंडरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : एमजीबी गाडीचा मागचा व्हील सिलेंडर गळणे, नुकसानभरपाई व त्या लॉटची विक्री थांबवणे

महोदय,

आपल्याकडे फोनवर मराठी बोलणारे एक गृहस्थ भेटले. “सगळं सविस्तर लिहून पाठवा, मराठीत लिहिलंत तरी चालेल,” असं ते म्हणाले, म्हणून हे पत्र.

माझी गाडी १९७२ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची स्पोर्ट्स कार), इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली. मागचे दोन्ही ब्रेक नव्याने करायचे म्हणून व्हील सिलेंडर (ऑईलच्या दाबाने ब्रेकचे शू ड्रमवर दाबणारा भाग), शू, स्प्रिंगा, सगळा माल आपल्याकडूनच घेतला. बॅकप्लेट घासून स्वच्छ केल्या, सिलेंडरमागची क्लिप खाचेत पूर्ण बसल्याची खात्री केली (ही क्लिप बसवताना भल्याभल्यांना घाम फुटतो), नवं डॉट ४ ब्रेक ऑईल भरून एअर काढली, ॲडजस्टर लावला. पेडल अगदी टणक लागत होतं.

काही आठवड्यांतच पेडल खाली जायला लागलं. डावा ड्रम काढला तर आत सगळं ओलं. सिलेंडरचं रबरी बूट (धूळ अडवणारं टोपण) जरा उचललं आणि ऑईल ओघळलं. पिस्टन काढून बॅटरी मारली, तेव्हा सील सरकतं नेमक्या त्या जागी आतून गोल चर दिसला. नख फिरवलं तर अडकतं. सीलची कडही तिथेच कातरली गेली आहे. फोटो सोबत जोडले आहेत.

“बसवताना कचरा गेला असेल,” हे आपलं उत्तर मला मान्य नाही. कचऱ्याचा ओरखडा पिस्टनच्या चालीबरोबर लांबट पडतो, वळसा घालून पडत नाही. हा चर लेथवरचा आहे. उजवा सिलेंडर त्याच हातांनी, त्याच दिवशी बसवला, तो कोरडा ठणठणीत आहे.

या गाडीला ब्रेकचं सर्किट (ऑईलचा मार्ग) चारही चाकांना मिळून एकच आहे, हे आपल्याला मी सांगायला नको. मागचा एक सिलेंडर गेला की पुढच्या डिस्कचाही दाब जातो. उतारावर समोर एखादं पोर आलं असतं तर? त्यात चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना इथे ब्रिटनमध्ये एमओटीची (गाडीच्या वार्षिक तपासणीची) सक्ती नाही. म्हणजे मालकाच्या नजरेला पडलं नाही, तर ते कुणालाच दिसणार नाही. तुमच्या खोक्यावर विश्वास ठेवूनच माणूस गाडी रस्त्यावर काढतो.

आपण फक्त सिलेंडर बदलून देऊ म्हणता. ऑईल प्यायलेले शू कितीही धुतले तरी भरवशाचे राहत नाहीत, आणि एका बाजूचे बदलून चालत नाही. म्हणून दोन्ही सिलेंडर, शूचा पूर्ण सेट आणि ब्रेक ऑईल यांचे पैसे परत द्यावेत. ब्रिटनच्या २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सहा महिन्यांच्या आत निघालेला दोष माल देतानाच होता असं धरलं जातं. तसं नाही, हे दाखवणं आपल्याकडे आहे.

पैशांपेक्षा मला जास्त घोर आहे तो त्या लॉटमधल्या बाकी सिलेंडरांचा. ज्यांनी ज्यांनी ते घेतले, त्यांना आजच कळवा आणि उरलेले विकणं थांबवा. खोक्यावरच्या लेबलचा फोटोही जोडला आहे. गळका सिलेंडर मी जपून ठेवला आहे. आपला माणूस पाठवलात तर समोर उघडून दाखवीन.

चौदा दिवसांत लेखी उत्तर द्यावे.

आपला,
एक ग्राहक