क्वेर्सेटिनच्या बाटलीविषयी अनंतास

पुणे,
१२ जुलै

प्रिय अनंत,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. जिना उतरताना गुडघा इतका दुखतो की कठडा धरावा लागतो, हे वाचून फार वाईट वाटले. सुनंदाने न्यू जर्सीहून पाठवलेल्या क्वेर्सेटिनच्या, म्हणजे कांद्यासारख्या वनस्पतींत सापडणाऱ्या पिवळ्या द्रव्याच्या गोळ्यांच्या, बाटलीचे छायाचित्र पाहिले आणि तिने जोडलेले माहितीपत्रकही दोनदा वाचले. तू एका ओळीत विचारलेस, "घेऊ का?" पण कारण समजल्याशिवाय तू कुणाचेच ऐकत नाहीस, म्हणून सविस्तर लिहितो. उत्तर मात्र आधीच सांगून ठेवतो: तुझ्या हृदयात कृत्रिम झडप आहे आणि तू रोज वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेतोस, तेव्हा तुझ्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवल्याखेरीज त्या बाटलीचे झाकण उघडू नकोस.

माझ्या थोरल्या भावाचे तुला आठवत असेल. तोही वॉरफरिनवर होता. कुणीतरी आपुलकीने सांधेदुखीवर वनस्पतींचे चूर्ण दिले, त्याने ते औषध नव्हे असे समजून कुणालाही न सांगता घेतले, आणि तीन आठवड्यांनी पहाटे त्याच्या नाकातून सुरू झालेले रक्त थांबेना. रुग्णालयात आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा, तपासला तेव्हा तो सातच्या वर, धोक्याच्या पातळीपलीकडे, गेलेला होता. त्या चूर्णात क्वेर्सेटिन होते असे मी म्हणत नाही. पण ती पहाट मी पाहिली आहे, म्हणून तुझे पत्र हातात घेतल्यावर मला पहिली आठवण तिचीच झाली.

वॉरफरिन यकृतात एका ठरावीक विकराकडून मोडले जाते, आणि प्रयोगशाळेतील प्रयोगांत क्वेर्सेटिन त्या विकराचा वेग कमी करते. शिवाय रक्तात वॉरफरिन अल्ब्युमिन या प्रथिनाच्या ज्या जागेला चिकटलेले असते, त्याच जागेला क्वेर्सेटिनही चिकटते. म्हणजे वॉरफरिनचा परिणाम नको तितका वाढण्याची शक्यता राहते. पालेभाज्यांनीही वॉरफरिनचा परिणाम बदलतो, म्हणून पालक आणि मेथी एकदम वाढवू नका किंवा एकदम बंद करू नका, असे डॉक्टर तुला बजावतात आणि वहिनी ते किती काटेकोरपणे पाळतात हे मी तुमच्या घरी पाहिले आहे. मग रोज हजार मिलिग्रॅम क्वेर्सेटिनची भर डॉक्टरांना न विचारता घालणे कसे योग्य ठरेल?

आता खुद्द त्या द्रव्याविषयी, कारण त्याच्यावर माझा राग नाही, उलट जुना स्नेह आहे. महाविद्यालयात मी दरवर्षी मुलांकडून कांद्याची टरफले उकळून घेत असे आणि तुरटीत भिजवलेले सुती कापड त्या पाण्यात बुडवले की सुरेख सोनेरी पिवळा रंग चढत असे. त्या रंगामागे मुख्यतः क्वेर्सेटिनच असते. त्याचे नाव ओक वृक्षाच्या लॅटिन नावावरून आले आहे आणि अमेरिकेतील काळ्या ओकच्या सालीपासून काढलेला असाच पिवळा रंग अठराव्या शतकात युरोपातील कापडधंद्यात नावाजला होता. वनस्पतींतील अशा द्रव्यांच्या मोठ्या कुळाला फ्लॅव्होनॉइड म्हणतात. १९३६ साली हंगेरीत सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबू व लाल मिरचीतील फ्लॅव्होनॉइडांना 'जीवनसत्त्व पी' म्हटले होते. पण ती अत्यावश्यक आहेत असे सिद्ध झाले नाही आणि १९५० नंतर ते नाव मागे पडले.

माहितीपत्रकातला सर्वांत आकर्षक भाग म्हणजे म्हातारपण आणि दाह. त्यातील मूळ कल्पना खरी आहे. पेशी ठरावीक वेळा विभागल्यावर थांबतात, हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ साली दाखवले. थांबलेल्या पेशींतील काही मरत नाहीत. त्या शरीरात राहून दाह वाढवणारी द्रव्ये सोडत राहतात. वयाबरोबर वाढणाऱ्या या मंद, धुमसत्या दाहाकडे इटलीतील फ्रान्चेस्की यांनी २००० साली लक्ष वेधले. अशा पेशी निवडून काढून टाकता येतील का, या प्रश्नातून २०१५ साली उंदरांवर दोन औषधांची जोडी वापरली गेली: डॅसॅटिनिब आणि क्वेर्सेटिन. माहितीपत्रकात याच संशोधनाचा आधार घेतलेला आहे, पण डॅसॅटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध आहे, हे वाक्य मात्र त्यात कुठेच नाही. माणसांवरचा पहिला लहान प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात फुप्फुसे निबर होत जाण्याच्या विकाराचे चौदा रुग्ण होते. त्यांचे चालणे सुधारले, फुप्फुसांची क्षमता सुधारली नाही, आणि तुलनेसाठी बिनऔषधी गोळी घेणारा गट त्यात नव्हता. तिथेही जोडीच होती. एकट्या क्वेर्सेटिनचे श्रेय त्यातून काढता येत नाही.

तुझ्या बाजूने बोलणारा पुरावाही सांगतो, नाहीतर मी पक्षपात केल्यासारखे होईल. इराणमध्ये संधिवाताच्या पन्नास स्त्रियांना आठ आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली, आणि क्वेर्सेटिन घेणाऱ्यांचा सकाळचा ताठरपणा व वेदना कमी झाल्या. हा प्रयोग मला आस्थेने वाचावासा वाटतो. पण तो आमवाताचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या विकाराचा होता. तुझा गुडघा झिजलेला आहे.

आणखी एक गोष्ट मला कुपीत पेशी ठेवून केलेल्या प्रयोगांविषयी सांगायची आहे, कारण दाह कमी होतो हा दावा बहुतांशी तिथूनच येतो. कुपीत शुद्ध क्वेर्सेटिन भरपूर ओतता येते. पोटात गेलेले क्वेर्सेटिन आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात लगेच बदलते, आणि रक्तात मूळ रूपात जवळजवळ उरत नाही. मोठे आतडे काढलेल्या काही व्यक्तींवर १९९५ साली नेदरलँड्समध्ये मोजमाप झाले, तेव्हा कांद्यातले सुमारे ५२ टक्के शोषले गेले आणि शुद्ध स्वरूपात दिलेले सुमारे २४ टक्केच. कांद्यात ते साखरेच्या रेणूला जोडलेले असते, आणि लहान आतड्याला तीच जोडणी सोयीची पडते. लासलगावच्या इतक्या जवळ राहणाऱ्या तुला ही वार्ता आवडेल. शंभर ग्रॅम कांद्यात ते साधारण २० ते ४० मिलिग्रॅम असते, बाहेरच्या पाकळ्यांत सर्वांत जास्त, म्हणून सोलताना दोन जाड थर फेकण्याची सवय वहिनींनी सोडावी, असे माझे आर्जव त्यांना सांग. उकळल्यावर ते पाण्यात उतरते, पण आमटीचे पाणी आपण टाकत नाही. जेवणातला नेहमीचा कांदा तू आजवर खात आलास आणि तुझी वॉरफरिनची मात्रा त्याच्यासहच बसवलेली आहे. त्याची भीती नको.

सुनंदावर मात्र रागावू नकोस. दूर राहणाऱ्या लेकीला वडिलांच्या गुडघ्यासाठी काहीतरी करावेसे वाटले, आणि तिथे अशा गोळ्या विकण्यापूर्वी त्यांचा गुण सिद्ध करावा लागत नाही; १९९४ च्या कायद्याने त्यांना अन्नाच्या रांगेत बसवले आहे. बाटलीच्या पाठीमागे अगदी बारीक अक्षरांत, हे उत्पादन कोणताही रोग बरा करण्यासाठी नाही, असे छापलेले आहे. भिंग घेऊन वाच. मी तिला वेगळे पत्र लिहीन, त्यात दोषारोप नसेल.

पुढच्या आयएनआर तपासणीला जाताना बाटली पिशवीत घालूनच ने आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. त्यांनी होकार दिलाच, तर सुरू केल्यानंतर पहिली तपासणी किती दिवसांनी करायची हे त्यांच्याकडून लिहून घे. गुडघ्यासाठी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट त्याच इमारतीत बसतात, असे तू मागे म्हणाला होतास. त्याच दिवशी त्यांचीही वेळ घेऊन ये. मी गणपतीत चार दिवस येतो आहे, तेव्हा दोघे मिळून तो जिना उतरून पाहू. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
दिनकर