‘रिमास्टर’ छापलंय, पण केलंय काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रॉक बँडांच्या रिमास्टर होऊन आलेल्या संग्रहांवरचा लेख वाचला. क्वीनच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’बद्दल त्यात भरभरून लिहिलं आहे, याचा आनंदच झाला. मराठी वर्तमानपत्रात या बँडवर एवढी जागा रोज थोडीच मिळते! पण गाणी ‘दणदणीत झाली’, ‘नव्याने उजळली’ यापलीकडे लेख जात नाही. कुणी उजळली, कुठल्या टेपवरून, आणि उजळताना काही पुसलं गेलं का, हे वाचकाला कळतच नाही. माझा धंदा साउंडचा. नाशिकच्या कालिदास कलामंदिरातल्या नाटकांपासून गंगापूर रोडच्या लॉन्सवरच्या लग्नांपर्यंत माइक, मिक्सर आणि स्पीकर यांतच आयुष्य गेलं. आवाज कधी मोठा होतो आणि कधी फाटतो, एवढं कानाला पक्कं कळतं. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं तरी छापावं, ही विनंती.

हा संग्रह ऑक्टोबर १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये आला. १९७४ ते १९८० या काळातली सतरा गाणी त्यात आहेत. ब्रिटनमध्ये आजवर सर्वांत जास्त खपलेला अल्बम हाच. २०२२ मध्ये त्याने तिथे ७० लाखांचा टप्पा गाठला, आणि तो गाठणारा तो पहिलाच. मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारला जन्मलेला फारोख बुलसारा हा पारशी मुलगा. तो शिकला आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत, आणि तिथल्याच ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा. त्यामुळे या गाण्यांवर महाराष्ट्रातल्या माणसाने हक्काने बोलावं, असं मला मनापासून वाटतं.

आता मुद्द्याचं. गाणं तयार होताना प्रत्येक वाद्य, प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेतात. ते सगळे ट्रॅक जुळवून स्टिरिओ मास्टर टेप बनते, ते मिक्सिंग. मास्टरिंग त्यानंतरचं. त्या टेपवरून तबकडीसाठी किंवा सीडीसाठी अखेरची प्रत काढायची, एका गाण्याकडून दुसऱ्याकडे जाताना पातळी जुळवायची, बेस-ट्रेबल हलक्या हाताने सावरायचं. रिमास्टर म्हणजे हे शेवटचं काम पुन्हा करणं. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याची गिटार तेवढी वर काढली, मर्क्युरीचा आवाज सुटा करून पुढे आणला, असं त्यात होत नाही. ते करायचं तर मूळ ट्रॅक घेऊन पुन्हा मिक्स करावं लागतं, आणि मग ते रिमिक्स आहे असं स्पष्ट सांगायला हवं. लेखात या दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

निवडक गाण्यांच्या संग्रहाचं मास्टरिंग तर एका अल्बमपेक्षा जास्त जिकिरीचं. १९७४ च्या ‘किलर क्वीन’मध्ये आवाजांचे थरावर थर आहेत, तर १९८० च्या ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’मध्ये बँडच्या जॉन डीकनची बेस गिटार जवळजवळ उघडी चालते. सहा वर्षांच्या अंतराने, वेगवेगळ्या हातांनी केलेली ही गाणी शेजारी शेजारी बसवायची आणि ऐकणाऱ्याचा हात आवाजाच्या बटणाकडे जाऊ द्यायचा नाही. त्यातून मूळ तबकडी एकच होती आणि तिच्यावर जवळजवळ तासभराचं संगीत कोंबलेलं होतं. एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं सुखाने मावतात. त्याहून जास्त बसवायचं तर खाचा अगदी जवळजवळ कापाव्या लागतात, आणि त्या एकमेकींत घुसू नयेत म्हणून पातळी उतरवावी लागते, खालचा बेसही आवरावा लागतो. म्हणजे जुन्या एलपीवर हा संग्रह जरा दबलेला वाटत असेल, तर तो दोष गाण्यांचा किंवा टेपचा नव्हे. पुढे हाच संग्रह दोन तबकड्यांवर पसरून आला तेव्हा खाचांना जागा मिळाली. लेखकाला जो फरक जाणवला, त्यातला काही भाग या मोकळ्या जागेचाही असू शकतो.

२०११ मध्ये क्वीनला चाळीस वर्षं झाली, त्या वेळी हा संग्रह रिमास्टर होऊन आला. काम केलं बॉब लुडविग यांनी. अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलंडला त्यांचा ‘गेटवे मास्टरिंग’ हा स्टुडिओ होता. या क्षेत्रात या माणसाला फार मोठा मान आहे. १९६९ मध्ये लेड झेपलिन या रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमची तबकडी त्यांनी एवढी जोरकस कापली होती, की साध्या रेकॉर्ड प्लेअरवर सुई उडायला लागली आणि कंपनीने पुढच्या प्रती मवाळ कापून घेतल्या. आज ती पहिली प्रत मिळवायला शौकीन वाटेल ती किंमत मोजतात. तबकडीच्या जमान्यात आवाज किती वाढवायचा, याला सुईचा लगाम होता.

सीडीत सुई नाही. तिथे वरती एक छत आहे, आणि त्या छताच्या वर आकडाच नाही. तरीही शेजारच्या सीडीपेक्षा आपली मोठी वाजली पाहिजे, म्हणून काय करतात? लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारं यंत्र लावून वरची टोकं छाटायची आणि खालचं सगळं उचलायचं. १९९० नंतर या चढाओढीला ऊत आला. २००८ मध्ये मेटालिका या बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बमवेळी तर चाहत्यांनीच ओरड केली, कारण त्याच गाण्यांची ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममधली प्रत विकत घेतलेल्या सीडीपेक्षा मोकळी वाजत होती.

नाशिक ढोल ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. ताशा एकटा तडतडत असतो, आणि मग सगळे ढोल एकदम पडतात. अंगावर काटा येतो तो त्या फरकाने. ताशा आणि ढोल पहिल्यापासून एकाच पातळीवर ठेवले तर आवाज तेवढाच मोठा राहील, पण पाय उचलणार नाही.

माझा भाचा हा नवा संग्रह घेऊन आला आणि म्हणाला, “मामा, हे ऐका. तुमची जुनी सीडी यापुढे मरगळलेली वाटते.” त्याला तसं वाटणं साहजिक होतं. दोन सारख्याच आवाजांतला जो किंचित मोठा, तो कानाला चांगला वाटतो. शिवाय आवाज हळू असला की बेस आपल्याला कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे. म्हणून मी मीटर पाहून दोन्ही प्रतींची पातळी सारखी केली, आणि कुठली कोणती हे न सांगता त्याला ऐकवल्या. मग खरी गंमत आली.

‘वी विल रॉक यू’ घ्या. पायांचे दोन ठोके, एक टाळी, आणि मग रिकामी जागा. शेवटी गिटार येईपर्यंत गाण्यात वाद्यच नाही. १९७७ मध्ये लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत लाकडी फळ्यांवर पाय आपटून हे ठोके घेतले आणि एकावर एक रचले. ब्रायन मे हा मूळचा भौतिकशास्त्राचा माणूस. २००७ मध्ये त्याने खगोलभौतिकीत पीएच.डी.ही पूर्ण केली. त्याने ठोक्यांच्या पुनरावृत्तींमधली अंतरं मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवली, म्हणजे घुमल्यासारखं न वाटता समोर हजारो माणसं उभी आहेत असं वाटावं. एवढ्या विचाराने बांधलेल्या गाण्यात टाळीइतकीच टाळीनंतरची शांतता मोलाची. जुन्या सीडीवर टाळी कडक पडते आणि लगेच विझते. नव्यात ती भरीव झाली आहे, पण तिचं टोक थोडं बोथट वाटतं. लॅपटॉपवर दोन्हींचा आलेख उघडला तर जुन्यात काट्यासारखी टोकं दिसतात, नव्यात ती एका रेषेत आल्यासारखी दिसतात.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त मात्र नवी प्रत मला सरस वाटली. १९७५ चं हे गाणं चोवीस ट्रॅकच्या टेपवर घेतलं. मर्क्युरी, मे आणि ड्रमर रॉजर टेलर या तिघांनीच मधल्या ऑपेराचे आवाज पुन्हा पुन्हा गाऊन थर रचले, आणि टेप मशीनवरून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजून उजेड आरपार दिसायला लागला. म्हणजे त्या मधल्या भागात थोडी धूसरता मुळातच आहे. लुडविग यांनी ती खरवडून काढायचा हट्ट केलेला दिसत नाही. उंच स्वर टोचत नाहीत आणि पियानोच्या खालच्या पट्ट्या नीट कळतात. भाचा शेवटी म्हणाला, “मामा, काही गाण्यांना जुनं बरं, काहींना नवं.” माझंही मत तेच आहे.

आणि म्हणूनच तक्रार अशी, की मोबाइलवर ही गाणी शोधली तर बहुतेक ठिकाणी पुढे ‘रिमास्टर्ड २०११’ असं लिहिलेली प्रतच येते. आधीची प्रत शेजारी दिलेली नसते. ज्याच्या घरी जुनी सीडी किंवा एलपी नाही, त्याला तुलना करायची सोयच उरलेली नाही. दुसरीकडे स्पॉटिफाय, यूट्यूब यांसारख्या सेवा मोठ्या आवाजाची गाणी आता आपोआप खाली आणतात, साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) या पातळीला. म्हणजे टोकं छाटून मिळवलेला मोठेपणा तिथे काढून घेतला जातो, आणि छाटलेली टोकं काही परत येत नाहीत. एवढं कळूनही नव्या रिमास्टरमध्ये कुणी आवाज फाटेपर्यंत ताणत असेल, तर ते त्या गाण्यांचं नुकसान आहे.

हे सगळं परक्या बँडचं म्हणून सोडून देऊ नये. आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरही ‘डिजिटली रिमास्टर्ड’ असं छापून येतं, आणि तिथे तर लुडविगसारखं एखादं नावही सापडत नाही. जुन्या शास्त्रीय मुद्रणांचा असा एक संच मी विकत घेतला; कंपनीचं नाव इथे घेत नाही. खरखर गेली होती, आणि तिच्याबरोबर तानपुराही गेला होता. खरखर काढायचं सॉफ्टवेअर सतत चालणारा आवाज हेरतं आणि तो सगळीकडून वजा करतं. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, हाही सतत चालणारा आवाजच. चालवणाऱ्याला गाणं कळत नसेल तर यंत्राला ते कुठून कळणार? गायक पोकळीत उभा राहून गातो आहे, असं ते ऐकताना वाटतं. कुणी केलं, कशावरून केलं, याचा संचावर एका ओळीचाही पत्ता नाही.

शास्त्रीय गायक पं. द. वि. पलुस्कर १९२१ मध्ये आपल्या नाशिकला जन्मले आणि १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. विष्णु दिगंबरांचा हा मुलगा. त्यांचं जे गाणं आपल्यापर्यंत पोचलं, त्यात तीन-सव्वातीन मिनिटांच्या ७८ आरपीएम तबकड्यांचा वाटा मोठा. पुन्हा गाऊन घ्यायला ते नाहीत. अशा तबकडीवरून नवी प्रत काढणाऱ्या माणसाच्या हातात केवढी जबाबदारी आहे! थोडी खरखर राहिली तरी चालेल, आमचे कान तिच्यामागचं गाणं शोधून घेतात. तानपुरा मात्र जाता कामा नये. आणि ज्याने हे काम केलं त्याचं नाव छापलं पाहिजे. चांगलं केलं असेल तर त्याला शाबासकी मिळेल, वाईट केलं असेल तर कुणाला विचारायचं ते आम्हाला कळेल.

मराठी भावगीतं, नाट्यगीतं आणि शास्त्रीय गाणं यांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत, त्या सर्व कंपन्यांना माझी जाहीर विनंती आहे. रिमास्टर जरूर करा. टेपा कायम टिकत नाहीत, आणि काम आज झालं नाही तर पुढे करायला काही उरणारही नाही. पण मूळ टेपवरून केलं की तिच्या नकलेवरून, कुणी, कुठे आणि कोणत्या वर्षी, हे वेष्टनावर आणि ॲपवर छापा. तुम्ही काहीही न पुसता उतरवून घेतलेली साधी प्रतही ऐकणाऱ्यांसाठी खुली ठेवा.

आणि आपल्या पुरवणीकडे एक मागणी. यापुढे कुठल्याही रिमास्टर संग्रहाचं परीक्षण छापाल तेव्हा ही माहिती एका चौकटीत द्या, आणि परीक्षण लिहिणाऱ्यांना जुनी व नवी प्रत सारख्या आवाजात ऐकायला सांगा. कंपनीला विचारूनही तिने काही कळवलं नाही, तर चौकटीत ‘कंपनीने माहिती दिली नाही’ असं स्वच्छ छापा.

आपला,
एक साउंड व्यावसायिक, पंचवटी, नाशिक