97.5 लिहिलं म्हणून लाल रेघ: शालेय शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय शालेय शिक्षण मंत्री साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात दूध संकलन केंद्रावर टेस्टिंगचं काम करतो. पहाटेपासून किटल्या यायला लागतात, सॅम्पल काढायचं, फॅट बघायची, डिग्री लावायची म्हणजे दुधाची घनता बघायची, पावती द्यायची. केमिस्ट्रीत बीएससी केलंय. शुद्ध काय आणि भेसळ काय हे सांगण्यावरच माझं घर चालतं, म्हणून राहवलं नाही आणि लिहायला बसलो.

माझी मुलगी नववीला आहे. मिश्रणातले घटक वेगळे करायचे प्रयोग तिच्या वर्गात "झाले", म्हणजे जर्नलमधे उतरवून झाले. वाळू आणि मीठ, मीठ आणि नवसागर, ऊर्ध्वपातन, सगळं एका तासात फळ्यावरून. नरसाळी, चंचुपात्रं कपाटात, कपाटाला कुलूप, प्रयोगशाळा सहायक रिटायर झाले त्यानंतर ती जागा भरलीच नाही. सरांवर माझा राग नाही, ते एकटेच तीन वर्गांचं सायन्स आणि वर गणित घेतात, त्यांनी कधी काचेची भांडी मांडायची आणि कधी धुवायची?

पोरगी म्हणाली पप्पा आपण घरी करू. मग गॅस, पातेलं, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणि माझा कॉलेजपासून जपलेला थर्मामीटर, एवढ्यावर आम्ही शुद्ध पाण्याचा उत्कलनांक, म्हणजे ते किती तापमानाला उकळतं ते, काढला. पाणी खळाखळा उकळायला लागलं, पारा 97.5 ला गेला आणि तिथेच थांबला, दहा मिनिटं बघत होतो हलला नाही. ती इतकी खूश झाली, कारण शुद्ध पदार्थ उकळताना तापमान एका जागी थांबतं हे पुस्तकातलं वाक्य तिला डोळ्यासमोर दिसलं. तिने जर्नलमधे 97.5 लिहिलं. वही परत आली तेव्हा त्यावर लाल रेघ आणि शेजारी 100.

साहेब, 100 हा आकडा समुद्रकाठचा आहे. आमचं गाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर, तीनशे मीटर वर चढलं की पाणी साधारण एक डिग्री आधी उकळतं कारण हवेचा दाब कमी होतो. महाबळेश्वरला तर 95-96 लाच उकळतं. म्हणजे पोरीचं रीडिंग एकदम बरोबर होतं. आणि मला जास्त लागलं ते पुढचं, मीठ टाकलं की पाण्याचा उत्कलनांक वाढतो, आमच्या गावात बरोबर 100 ला उकळणारं पाणी हवं असेल तर लिटरमागे शंभर ग्रॅमहून जास्त मीठ घालावं लागेल. म्हणजे शुद्धता तपासायच्या धड्यात आम्ही शुद्ध पाण्याचं उत्तर खोडलं आणि खारट पाण्याचं उत्तर बरोबर धरलं!

हे मला एवढं का लागलं ते माझ्या कामावरून सांगतो. लॅक्टोमीटर म्हणजे दुधात तरंगत सोडायची खुणांची काचेची नळी, तो घनता दाखवतो, चांगल्या गाईच्या दुधाची डिग्री 28 च्या आसपास येते, पाणी घातलं की ती खाली जाते. पण दूध नुकतं काढलेलं कोमट असेल तरी डिग्री कमी दिसते. एखादा शेतकरी धार काढून तसाच पळत आला आणि मी दुधाचं तापमान न बघता डिग्री लावली तर मी सरळ माणसाला चोर ठरवीन. उलट कुणी साय काढून घेतली तर डिग्री वाढते, मग त्यात बेतानं पाणी घातलं की पुन्हा 28 वर येते आणि लॅक्टोमीटर काहीच बोलत नाही, तिथे फॅट बघितली की पकडला जातो. एका टेस्टवर शुद्ध म्हणायचं नाही, आणि रीडिंग कुठे, किती तापमानाला घेतलं ते विचारल्याशिवाय कुणाला खोटं म्हणायचं नाही. हे मी नोकरीत शिकलो, खरं तर नववीतच शिकायला हवं होतं.

आणि सामान लागतंच किती? काळ्या स्केचपेनचा ठिपका आणि गाळणकागदाची पट्टी पाण्यात टेकवली की काळ्यातून निळा, गुलाबी, पिवळा वेगवेगळे चढत जातात, स्केचपेन कोणतं त्यावर रंग बदलतात, ही क्रोमॅटोग्राफी. 1952 चं रसायनशास्त्राचं नोबेल याच पद्धतीच्या शोधाला मिळालं. कल्हईवाला नवसागर टाकायचा तेव्हा पांढरा धूर उठायचा तो आमच्या पिढीने बघितलाय, आता कल्हईवालाही येत नाही आणि शाळेत नवसागरही तापत नाही, मग पोरांनी संप्लवन, म्हणजे घन पदार्थाची थेट वाफ होणं, बघायचं कुठे? गुऱ्हाळात रस उकळताना भेंडीचा रस घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात, आमच्याकडच्या पोरांनी ते बघितलेलं असतं, पण हेच पुस्तकातलं शुद्धीकरण आहे हे त्यांना कुणी जोडून देत नाही.

दहावीला विज्ञानाच्या 100 पैकी 20 मार्क प्रॅक्टिकलचे आहेत. माझं मागणं एवढंच आहे की ते मार्क पुस्तकातल्या आकड्याला देऊ नका, मुलाने स्वतः घेतलेल्या रीडिंगला द्या, आणि ते तसं का आलं हे त्याला सांगता येतंय का ते बघून द्या. बोर्डाकडून तसं स्पष्ट पत्र शाळांना गेलं तर सरांनाही 97.5 बरोबर द्यायला आधार मिळेल, आज त्यांना भीती वाटते की बाहेरचा परीक्षक काय म्हणेल. उत्कलनांकाच्या प्रयोगात गावाची उंची लिहायला एक ओळ छापा. आणि प्रयोगशाळा सहायकांच्या रिकाम्या जागा भरा साहेब, कपाटाची किल्ली कुणाकडे तरी असायला पाहिजे.

तोपर्यंत आमच्या शाळेतली नववीची मुलं रविवारी सकाळी केंद्रावर आली तर मी त्यांना लॅक्टोमीटर हातात द्यायला तयार आहे, मुख्याध्यापकांना तसं सांगूनही आलोय. त्यांनी वरून परवानगी आणायला सांगितलीय. ती तेवढी मिळाली तर बरं होईल.

आपला,
एक पालक, सातारा जिल्हा